मानवी बुद्धीचा उदय : नेवासें व पाटणें येथील साक्ष



शरीरबळाच्या दृष्टीनें पाहिलें तर मनुष्य हा अगदीं दुबळा प्राणी आहे. मेळघाटांतील वाघाचीं नखें त्याला नाहींत, गव्याचें बळ नाहीं, चितळाचा वेग नाहीं. असें असतां वाघ त्याच्या चाहुलीनें दडून बसतो आणि मनुष्य त्या रानाचा नकाशा काढतो. हा प्रभाव बुद्धीचा, हें आपण सर्वच जाणतों. परंतु ही बुद्धि मनुष्यास कोणत्या क्रमानें प्राप्त झाली, हा प्रश्न फार थोडे विचारतात. त्याच्या उत्तराचा कांहीं भाग आफ्रिकेंत आहे, आणि कांहीं भाग आपल्या वऱ्हाडाच्या शेजारींच नद्यांच्या कांठीं पडलेला आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करूं. "माणूस माकडापासून झाला" असें बोलण्याचा प्रघात आहे. शास्त्र तसें म्हणत नाहीं. आज दिसणारें कोणतेंहि माकड आपला आजा नव्हे. चिंपांझी हा फार तर आपला दूरचा चुलतभाऊ; त्याचा व आपला वंश सुमारें साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वीं एकाच मुळापासून फुटून वेगळा झाला. १९७४ सालीं इथिओपिया देशांत एका मादीच्या सांगाड्याचीं हाडें सांपडलीं. संशोधकांनीं तिला 'ल्यूसी' असें नांव दिलें. ती सुमारें ३२ लाख वर्षांपूर्वींची. ती दोन पायांवर चालत असे. परंतु तिच्या जातीचा मेंदू चिंपांझीच्या मेंदूहून फारसा मोठा नव्हता. यावरून एक महत्त्वाची गोष्ट सिद्ध होते. मनुष्याचे पूर्वज आधीं उभे राहिले, त्यामुळें त्यांचे हात मोकळे झाले, आणि मेंदूची मोठी वाढ त्यानंतर झाली. चिंपांझीचा मेंदू सुमारें ४०० घनसेंटीमीटर असतो. आपला सरासरी १३५० भरतो.

ही वाढ फुकट मिळालेली नाहीं. आपला मेंदू देहाच्या वजनाचा अवघा पन्नासावा भाग. परंतु स्वस्थ बसलें असतांहि तो शरीराच्या एकंदर शक्तीचा पांचवा हिस्सा खातो. एवढ्या खर्चिक अवयवाचें पोषण व्हावें कसें? हार्वर्ड विद्यापीठांतील रिचर्ड रँगहॅम यांच्या मतें त्याचें उत्तर चुलींत आहे. कच्ची ज्वारी मूठभर चघळून पाहावी, आणि तिचीच भाकरी खाऊन पाहावी. म्हणजे अग्नीनें पोटाचें किती काम हलकें होतें तें कळेल. शिजलेलें अन्न लवकर पचतें, त्यांतून शक्ति अधिक मिळते, आणि दिवसभर चावीत बसण्याचा वेळ वांचतो. शिवाय हुरडा भाजतांना जशी आगटीभोंवतीं मंडळी जमते आणि गोष्टी रंगतात, तसेंच त्या काळींहि झालें असल्यास नवल नाहीं. रँगहॅम यांचें मत सर्वांनाच मान्य नाहीं. तथापि अन्न, अग्नि व मेंदू यांचा संबंध निकट आहे, याविषयीं शंका नाहीं.

आतां आपल्या प्रांताकडे वळूं. अहमदनगर (आतांचा अहिल्यानगर) जिल्ह्यांत प्रवरेच्या तीरीं नेवासें हें गांव आहे. शके १२१२ मध्यें येथेंच ज्ञानेश्वरी सांगितली गेली, म्हणून तें सर्वांच्या परिचयाचें. १९५४ सालापासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. हसमुख सांकलिया व त्यांचे सहकारी यांनीं तेथें संशोधन केलें, तेव्हां नदीच्या जुन्या थरांत अश्मयुगांतील हातकुऱ्हाडी मिळाल्या. त्या लाखों वर्षांपूर्वींच्या. अशीं हत्यारें चेन्नईजवळील अत्तिरंपक्कम येथें तर सुमारें १५ लाख वर्षांपूर्वींचीं ठरलीं आहेत.

हातकुऱ्हाड दिसावयास साधी. पेरूच्या आकाराचा दगड, दोन्ही बाजूंनीं कपच्या काढून धार आणलेला, टोंक निमुळतें. परंतु ती घडविण्यास काय लागतें याचा विचार करा. गांवांत पाट्याला टाकी लावणारी बाई आपण पाहिली असेल. दगड कसा फुटेल हें तिला आधींच कळतें. घाव कोठें व किती जोराचा घालावा याचा तिचा हिशेब हातांत असतो. नेवाशाच्या कारागिरासहि न घडलेली कुऱ्हाड मनांत आधीं पाहावी लागली. पुढच्या दहा घावांसाठीं आतांचा घाव कोठें घालावा, हें ठरवावें लागलें. डोळ्यांपुढें नसलेली वस्तु मनांत धरणें हीच बुद्धीची पहिली पायरी होय. आणि असें कसब कोणी एकटा आपल्या आयुष्यांत शोधून काढीत नाहीं. तें कोणीतरी दाखवावें लागतें व कोणीतरी पाहून गिरवावें लागतें. म्हणून नदीकांठचा तो दगड जसा हत्यार आहे, तसाच तो एका धड्याचाहि पुरावा आहे.

या काळांतील मनुष्य कसा होता? मेळघाट व सातपुडा ओलांडून उत्तरेस गेलें म्हणजे नर्मदा लागते. तिच्या कांठीं हथनोरा येथें १९८२ सालीं भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचे अरुण सोनकिया यांना एका प्राचीन मानवाच्या कवटीचा वरचा भाग सांपडला. तिच्यांतील मेंदूचें आकारमान ११५० पासून १४२० घनसेंटीमीटरपर्यंत असावें, असे निरनिराळे अंदाज विद्वानांनीं केले आहेत. म्हणजे तो मेंदू आपल्या मेंदूच्या बराच जवळ पोंचला होता.

तिसरें स्थळ पाटणें. बडनेरा-अकोल्याहून मुंबईकडे जाणाऱ्या आगगाडीच्या वाटेवर चाळीसगांव लागतें. त्या तालुक्यांत डोंगराच्या पायथ्याशीं हें गांव आहे. १९७२-७३ च्या सुमारास श्री. साळी यांनीं केलेल्या उत्खननांत तेथें शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी मिळाले, आणि एका तुकड्यावर कोरलेल्या आडव्यातिडव्या रेघांची नक्षी आढळली. काळ सुमारें २५,००० वर्षांपूर्वींचा. त्या काळीं आपल्या देशांत शहामृग होते. २०१७ सालीं हैदराबादच्या शास्त्रज्ञांनीं भारतांतील अशा जुन्या कवचांची आनुवंशिक परीक्षा करून त्यास दुजोरा दिला आहे.

कुऱ्हाडीनें मांस तुटतें. मण्यानें पोट भरत नाहीं. मग तो कां केला? कारण मण्याला अर्थ होता. तो घालणारा कोण, कोणाचा, हें पाहणाऱ्यास त्यावरून कळावें. वस्तूला अर्थ देणें ही आपल्या बुद्धीची खूण आहे. अक्षर व आंकडा हीं पुढें त्याच शक्तीचीं फळें झालीं.

याच पाटणें गांवीं शके ११२८ चा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं तेथें मठ स्थापिल्याचें त्यांत नमूद आहे. एकाच गांवीं मणी आणि गणित! मणी कोरणाऱ्याचा मेंदू भास्कराचार्यांच्या मेंदूहून हलक्या जातीचा होता असें मानण्यास आधार नाहीं. दोघांत अंतर पडलें तें मधल्या पिढ्यांनीं सांठविलेल्या विद्येचें. चांगदेवास हें कळलें होतें, म्हणूनच त्यानें शाळा काढली.

मेंदूच्या मापाविषयींहि एक इशारा देणें अवश्य आहे. युरोपांतील निअँडरथल मानवाचा मेंदू आपल्याएवढाच, किंबहुना कांकणभर मोठा होता. तरी तो नामशेष झाला. तेव्हां डोक्याच्या घेरावरून कोणा मुलाची, जातीची वा वंशाची बुद्धि ठरविणें हें अडाणीपणाचें आहे. पाटण्याचा कारागीर कोणत्या वर्णाचा होता? ते भेद तेव्हां जन्मलेच नव्हते. कोरकू पाड्यांतील मूल आणि अमरावतीच्या वकिलाचें मूल एकाच दीर्घ वारशाचे समान हक्कदार आहेत.

कांहीं पालक विचारतात, "हें सर्व खरें मानलें तर परमेश्वरानें मनुष्य निर्मिला, या श्रद्धेचें काय?" माझें नम्र उत्तर असें कीं, कुंभारानें मडकें एका घटकेंत घडविलें काय किंवा एका दिवसांत घडविलें काय, तें कुंभाराचेंच. मनुष्य मातीपासून झाला, असें पवित्र शास्त्र सांगतें. ती माती किती काळ मळली गेली, हें खडक सांगतात. सत्य शोधणाऱ्यानें दोहोंपैकीं एकालाहि भिण्याचें कारण नाहीं.

शेवटीं पालकांस एक विनंति. मनुष्याच्या बालकाचा मेंदू जन्मतः पूर्ण वाढीच्या तिसऱ्या हिश्शाहूनहि लहान असतो. उरलेली वाढ आईच्या बोलण्यांत, भावंडांच्या खेळांत व गुरूच्या सहवासांत होते. इतर प्राणी बरेंचसें ज्ञान जन्मतःच घेऊन येतात. आपलें मूल शिकण्याची पात्रता घेऊन येतें. कापूस वेचणीच्या दिवसांत "याच्या डोक्यांत कांहीं शिरत नाहीं" असें म्हणून जो बाप मुलाला किंवा मुलीला शाळेंतून काढतो, तो लाखों वर्षें हातोहात आलेली ठेव त्या लेंकरापाशीं पोंचण्यापूर्वींच अडवितो. आणि विद्यार्थ्यांनो, धडा कठीण वाटला तर नेवाशाचा तो दगड आठवा. पहिल्या घावानें कोणाचीच कुऱ्हाड झालेली नाहीं.