बर्फावरची गाडी डोंगरात का दमते?

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत मिनियापोलिसला असतो. मित्रांबरोबर तो यंदाच्या हिवाळ्यात वायोमिंगच्या डोंगरांत स्नोमोबिल चालवायला जाणार आहे. गाडी जुनी, कार्बोरेटरवाली टू-स्ट्रोक आहे. तो म्हणतो, ती आधी डोंगरासाठी तयार करून घ्यावी लागेल. माझं आयुष्य स्कूटरच्या गॅरेजात गेलं, पण सपाटीवर उत्तम चालणाऱ्या गाडीला डोंगरासाठी वेगळं काय करायचं, ते कळेना. गुलमर्गला आम्ही स्नो-स्कूटरवर बसलो होतो, ती तर बिनतक्रार चढत होती.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : गुलमर्गची गाडी तक्रार कशाला करेल? ती तिथलीच रहिवासी. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर आहे आणि त्या गाडीचं सगळं सेटिंग त्याच हवेत झालेलं असतं. तुमच्या मुलाची गाडी मात्र २५० मीटरवर वाढलेली. मिनेसोटा, विस्कॉन्सिनकडची मंडळी हिवाळ्यात गाड्या ट्रेलरवर चढवून रॉकी पर्वताकडे निघतात. वायोमिंगमधली टोग्वोटी खिंड त्यांच्या आवडीची, उंची २,९४४ मीटर. म्हणजे इंजिन एकदाही सुरू न होता गाडी २,७०० मीटर वर जाऊन पोचते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिथेच सुरू होते.

तिथली हवा मिनियापोलिसपेक्षा चौथाईहून थोडी जास्तच विरळ. दर ३०० मीटरला सुमारे ३ टक्के ताकद जाते, असा मेकॅनिक लोकांचा ढोबळ हिशेब आहे. त्या हिशेबाने घरी १५० अश्वशक्ती देणारं इंजिन खिंडीत ११०च्या आसपास येतं. एवढी घट टर्बो नसलेल्या कोणालाच चुकत नाही. पण कार्बोरेटर तिच्यात आणखी भर घालतो. हवा जितकी घटते तितकं पेट्रोल तो घटवत नाही, त्यामुळे मिश्रण रिच होतं. पुढचं तुम्हाला सांगायला नको : प्लग काळा, धूर, पिकअप नाही, हळू चालवलं की इंजिन गुदमरतं. आपल्याकडून जुन्या बुलेट घेऊन खारदुंग ला चढलेल्यांना हा अनुभव असेल.

उपाय म्हणजे मेन जेट लहान करायचा. किती लहान, ते अंदाजाने ठरवायचं नाही. कंपनी तक्ता देते. बऱ्याच गाड्यांवर तो बॉनेटखालीच चिकटवलेला असतो. त्यात एका बाजूला उंची आणि दुसऱ्या बाजूला तापमान असतं. थंडीने हवा दाट होते, म्हणून तापमानही पाहावं लागतं. शून्य अंशापेक्षा उणे २० अंशाची हवा सुमारे ८ टक्क्यांनी दाट असते. उंची जेट लहान करायला सांगते आणि कडाक्याची थंडी मोठा करायला. दोन्हींचा मेळ घालून आकडा काढायचा. नवीन, फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत हवेचा दाब मोजणारा सेन्सर हे काम परस्पर करतो. त्या गाडीवाल्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा.

पुढचा मात्र सोडू नये, कारण क्लचचं काम सेन्सरला जमत नाही. आणि डोंगराच्या तयारीतलं खरं कसब इथेच लागतं.

तुम्ही ॲक्टिव्हाचा व्हेरिएटर उघडून रोलर बदलले असतीलच. स्नोमोबिलचा क्लच त्याच जातीचा असतो. पुढच्या पुलीत रोलरऐवजी झुलती वजनं असतात. इंजिनचे फेरे वाढले की ती बाहेर फेकली जातात, पुलीच्या चकत्या जवळ आणतात, पट्टा वर सरकतो आणि गाडी वेग घेते. आता समजा, या इंजिनची सगळी ताकद मिनिटाला ८,००० फेऱ्यांवर मिळते आणि वजनं सपाटीच्या ताकदीला बेतलेली आहेत. डोंगरात दुबळ्या झालेल्या इंजिनला ती जड होतात. फेरे ८,०००पर्यंत पोचण्याआधीच पट्टा वर सरकतो, इंजिन ७,२००–७,३००वर अडकतं, आणि आधीच घटलेल्या ताकदीतलाही काही भाग हाती येत नाही. चालवणाऱ्याला वाटतं की इंजिन बिघडलं. इंजिनला खरं तर चुकीच्या गिअरमध्ये राबवलं जात असतं.

म्हणून प्रत्येक वजनातले काही ग्रॅम कमी करायचे, गरजेप्रमाणे स्प्रिंग बदलायची. स्की-डू कंपनीच्या बऱ्याच गाड्यांत आणखी सोय आहे : पुलीवरच एक ते सहा खुणांचे स्क्रू असतात आणि एक खूण फिरवली की साधारण २०० फेऱ्यांचा फरक पडतो. सगळे स्क्रू सारख्याच खुणेवर हवेत, नाहीतर पुली तिरकी दाबली जाते. बरेच जण चेनकेसमधली वरची चक्रीही लहान बसवतात. कमाल वेग कमी होतो, पण खांद्यापर्यंतच्या भुसभुशीत बर्फात कमाल वेगाचं करायचं काय?

यातली धोक्याची वेळ परतल्यावर येते. लहान जेट ठेवून गाडी मिनियापोलिसच्या दाट हवेत, उणे २० अंशांत पळवली, तर मिश्रण लीन होतं. टू-स्ट्रोकला पेट्रोलबरोबर गारवाही मिळतो. तो तुटला की पिस्टनचं डोकं वितळतं किंवा इंजिन सीज होतं. डोंगरात रिच गाडी नुसती कुरकुरते, सपाटीवर लीन गाडी खर्चात पाडते. काढलेले मोठे जेट आणि मूळ वजनं डबीत घालून, डबीवर उंची लिहून ठेवायला मुलाला सांगा. आणि गाडी ट्रेलरवरून घरी उतरताच, चालू करण्याआधी, ते जेट आणि वजनं परत बसवायला सांगा.

बाकीचं थोडक्यात. सपाटीवरच्या गाडीचा ट्रॅक, म्हणजे खाली फिरणारा रबरी पट्टा, १२९ किंवा १३७ इंचांचा असतो, त्यावरचे रबरी दात इंच-सव्वा इंचाचे. डोंगरी गाडीचा ट्रॅक १५४ ते १६५ इंच लांब, दात अडीच ते तीन इंच. लांब ट्रॅकवर भार पसरतो, गाडी रुतत नाही. जुन्या गाडीवर असा ट्रॅक चढवायचा तर ट्रॅकवरचा सांगाडा (बोगदा), आतली रेल सगळंच बदलावं लागतं. एका सहलीसाठी तो खटाटोप करू नये, भाड्याने डोंगरी गाडी घ्यावी. क्लचचा जादा पट्टा मात्र बरोबर हवाच. उंचीवर घटणारी ताकद भरून काढायला टर्बोचाही पर्याय आहे. स्की-डूने २०२०च्या मॉडेलमध्ये कारखान्यातूनच टर्बो बसवलेलं टू-स्ट्रोक इंजिन दिलं. ते २,४०० मीटरपर्यंत १६५ अश्वशक्ती टिकवतं, असा कंपनीचा दावा होता. पण किंमत पाहता मी ते पैसे आधी दुसरीकडे घालेन.

दुसरीकडे म्हणजे हिमस्खलनाच्या प्रशिक्षणावर. चढाची ताकद आलेली गाडी माणसाला नेमकी त्याच उतारांवर नेते, जिथे बर्फाचा थर सुटतो. नेहमी घडणारा अपघात असा : एक जण उभ्या उतारावर रुततो, दुसरा मदतीला वर जातो, दोन गाड्यांचं वजन आणि खणाखणी सुरू होते आणि अख्खा उतार निसटतो. उतारावर एका वेळी एकच गाडी, बाकीच्यांनी उताराच्या पायथ्याशी न थांबता बाजूला थांबायचं, असा नियम आहे. प्रत्येकाच्या अंगावर बीकन (गाडलेल्याचा ठाव लहरींनी देणारं यंत्र) आणि पाठीवरच्या पिशवीत फावडं, शोधकाठी. गाडीच्या डिकीत नव्हे, कारण गाडीही गाडली जाते. बर्फाखालच्या माणसाच्या जगण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने उतरते, त्यामुळे शोध सोबत्यांनाच घ्यावा लागतो. आणि मोबाइल बीकनपासून निदान वीतभर लांब ठेवायचा. त्याच्यामुळे बीकनच्या लहरींत घोटाळा होतो, म्हणून शोध घेताना तर तो बंदच करायचा. विजेवर तापणारे हातमोजेही तसलेच.