गोड्या पाण्याला भिणारा विषाणू

भरपूर मीठ घातलेले लोणचे वर्षभर टिकते, कारण इतक्या मिठात बहुतेक सूक्ष्मजीव वाढू शकत नाहीत. आता केनियातील मागाडी सरोवर पाहा. त्याच्या पाण्यात मीठ तर आहेच, शिवाय धुण्याचा सोडाही आहे. पाण्याचा सामू १० च्या घरात! तरीही नॅट्रिआल्बा मागाडी हे सूक्ष्मजीव तेथे सुखाने नांदतात.

प्रयोगशाळेत वाढवलेले हे सूक्ष्मजीव एकदा आपोआप फुटून गेले. त्यांना फोडणारा विषाणू व्हिएन्नाच्या शास्त्रज्ञांनी शोधून काढला आणि १९९७ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. त्याचे नाव फाय-सीएच-१.

हा विषाणू गोड्या पाण्यात टाकला तर? तो निकामी होतो! लिटरमागे निदान १२० ग्रॅमच्या आसपास मीठ त्याला लागतेच. समुद्रात क्षार असतात सुमारे ३५ ग्रॅम. म्हणजे समुद्राचे पाणीही त्याला अळणीच!

असे का? त्याच्या प्रथिनांवर ऋणभार पुष्कळ असतो. सारखे भार एकमेकांना दूर लोटतात, हे तुम्ही शिकला आहात. मिठातील सोडियमचे धन आयन या भारांना आवर घालतात. मीठ कमी झाले, की रचना ढासळते.

तेव्हा एखादी जागा ‘जगण्यास प्रतिकूल’ म्हणण्याआधी विचारा : कोणाला?