आगीचा लाल सिलिंडर: कापसाला पुरतो का?

बाजारात जास्त मिळतो तो एबीसी पावडरचा सिलिंडर. यातली मुख्य पावडर मोनो अमोनियम फॉस्फेट, म्हणजे आपण ठिबकमधून देतो त्या 12:61:00 मधलंच. (म्हणून आगीवर खताची पिशवी ओतू नका, सिलिंडरमधली पावडर फार बारीक आणि गोळा न होणारी केलेली असते.) ती ज्वाळा तोडते, वितळून जळत्या वस्तूवर थर धरते. डिझेल, स्टार्टर, लाकूड, तिन्हीला चालते.

कापसात मात्र फसगत होते. वरची ज्वाळा जाते, आत धुमसत राहतं आणि काही तासांनी गंजी पुन्हा पेटते. त्यामुळे ज्वाळा विझली तरी गंजी थोडी थोडी उपसून पाणी मारायचंच. कडब्याचंही तसंच. आधी मेन स्विच बंद करा, चालू लाईनवर पाणी म्हणजे शॉक. डिझेलवरही पाणी नको, डिझेल वर तरंगून आग पसरते.

कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर ऑक्सिजन हटवतो, पॅनेलला उत्तम. उघड्यावर वाऱ्यात फारसा उपयोग नाही. त्याचा भोंगा धरू नका, गारठ्याने कातडी भाजल्यासारखी होते.

वापरताना पिन ओढा, वारा पाठीशी घ्या, नळी आगीच्या बुडाशी धरून दांडा दाबा आणि डावी-उजवीकडे फिरवा. 6 किलोचा सिलिंडर अर्ध्या मिनिटाच्या आत संपतो. आग छताला भिडली असेल तर आत जाऊच नका, बाहेर पडून 101 किंवा 112 ला फोन करा.

आज पावडरच्या सिलिंडरचा काटा हिरव्यात आहे का तेवढं बघा. कार्बन डायऑक्साइडवाल्याला काटा नसतो, त्याचं वजन करून घ्यावं लागतं.