माळ द्या, बटणही द्या

दिवाळी जवळ आली की शेलूच्या नव्या सोसायट्यांतून मुलांचा हट्ट सुरू होतो, आपल्याही झाडावर लायटिंग करू या. आई-बाबांनो, हट्ट पुरवा. मुंबई-ठाण्याची नोकरी करून तुम्ही कर्जत लोकलमधून उतरता तेव्हा मुलं पेंगुळलेली असतात. एका रविवारी दुपारी सगळे मिळून आंब्याखाली माळेचा गुंता सोडवत बसलात, तर ती दुपार कारणी लागली म्हणायची. फक्त ते काम डेकोरेशनवाल्याला देऊन मोकळे होऊ नका. माळ मुलांच्या हाती द्या आणि तिचं बटणही द्या. दिवे कधी बंद करायचे हे त्यांनी ठरवावं आणि पाळावं, मला बोलायचंय ते यावरच.

त्याआधी काळजी म्हणून दोन गोष्टी. आपल्याकडे दिवाळीतही पावसाची सर येऊन जाते, म्हणून घरातली माळ झाडावर नको. बाहेरच्या वापराची, अडॅप्टरवर चालणारी कमी व्होल्टची माळ घ्या आणि अडॅप्टर घरात, कोरड्या जागी ठेवा. ‘एमसीबी आहे की’ असं म्हणून निर्धास्त राहू नका. ती जास्त भार किंवा शॉर्टसर्किट झालं की पडते. अंगातून जमिनीत जाणारा करंट तिला कळतही नाही. त्यासाठी ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी लागते. खिळे ठोकू नका, तारेनं आवळू नका, सुतळीची सैल गाठ पुरते. शिडीवर मोठ्यांनीच चढायचं, यावर चर्चा नाही.

आता बटण. दिवेलागणीनंतर झाडाला हात लावू नये, झाडं झोपतात, हे तुमच्या आजीनं तुम्हाला सांगितलं असेल. मुलं लगेच विचारतील, ‘खरंच झोपतात?’ उत्तर देऊ नका, शेवंतीच्या दोन कुंड्या आणा. शेवंतीला कळ्या धरायला मोठी रात्र लागते. म्हणून तर फुलं उशिरा हवी असली की फूलशेती करणारे रात्री दिवे लावून तिचं फुलणं लांबवतात. कळ्या यायच्या आधीपासून एक कुंडी रात्रभर दिव्याखाली ठेवा, दुसरी अंधारात, आणि मुलांनाच वही करू द्या. हा प्रयोग मला कुठल्याही भाषणापेक्षा मोलाचा वाटतो.

शिवाय झाड एकट्याचं नसतं. त्यावर कावळे, साळुंक्या रात्री मुक्कामाला असतात. पावसाच्या तोंडावर, मेअखेर ते जून, राजमाची-भीमाशंकरकडे झाडंच्या झाडं काजव्यांनी लखलखतात. नर लुकलुकतो तो मादीला बोलावण्यासाठी. आयुष्याचा बहुतेक काळ मातीत अळी म्हणून काढल्यावर त्याला त्यासाठी जेमतेम काही आठवडे मिळतात. माळ तोवर झाडावर राहिली, तर आपल्या उजेडात त्याची ती हाक बुडते. शेलूच्या अलीकडचं वांगणी घ्या. खगोल मंडळाची माणसं मुंबईहून तिथे रात्रभर तारे पाहायला येत आली, ती इथल्या अंधारासाठीच. आणि आपण इथे घर घेतो तेव्हा माहितीपत्रकातलं ‘निसर्गाच्या सान्निध्यात’ वाचूनच घेतो ना?

शहरांत तर वर्षभर झाडांना माळा गुंडाळून ठेवायची फॅशन आली. प्रकरण कोर्टात गेलं. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं एका जनहित याचिकेवर राज्य सरकारसह मुंबई, ठाणे आणि मीरा-भाईंदर महापालिकांना नोटीस काढली. एवढ्या लांब जायला नको. देवळापुढची दगडी दीपमाळ मुलांना दाखवा. दिव्यांचं झाडच ते; पण त्रिपुरी पौर्णिमेसारख्या मोजक्या रात्री पाजळतं, म्हणून तर त्या रात्री सगळा गाव बघायला लोटतो.

आमचं ऐकाल तर वसुबारसेला माळ चढवा, भाऊबीजेनंतर उतरवा. रोज जेवणं आटोपली की बटण बंद. वाढदिवस, नाताळ यांना हवं तर पुन्हा एखादी संध्याकाळ. मुलगी म्हणाली, ‘समोरच्या बिल्डिंगची तर रात्रभर चालू असते,’ तर तिलाच समोरच्या काकांकडे पाठवा. मोठ्यांच्या मीटिंगमध्ये वर्षभर जे जमत नाही ते पोरं दारात उभी राहून करून येतात. उतरवलेली माळ पुठ्ठ्यावर गुंडाळून ठेवायचं कामही मुलांचंच. नीट गुंडाळली नाही, तर पुढच्या दिवाळीला गुंता त्यांनीच सोडवायचा, तुम्ही मध्ये पडू नका.