उंटाला अडवणारा पाऊस

'खरीप' हा शब्द शेतकऱ्याच्या घरात मी लहानपणापासून ऐकत आलो. तो मूळचा अरबी, हे इतिहासाचा अभ्यास करताना कळले. ओमानच्या धोफार किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर या पावसाळी काळाला 'खरीफ'च म्हणतात. तेव्हा डोंगर धुक्यात बुडतात. उंटाचे मऊ, पसरट तळवे वाळूत चालतात. ओल्या चिखलात मात्र घसरतात. म्हणून पशुपालक उंट सपाटीवर उतरवतात. लोबानाची झाडे डोंगरापलीकडे, कोरड्या भागात. तेथून सुमहुरम बंदराकडे येणाऱ्या प्राचीन तांड्यांना हेच डोंगर ओलांडावे लागत. आमच्याकडे पेरणी आणणारे नैर्ऋत्य वारे तेथे तांडा अडवीत असणार. इतिहासाच्या विद्यार्थ्याने नकाशाबरोबर पंचांगही उघडावे, असे मला वाटते.