काय जळत आहे?

आग दिसली की पाणी ओतावे, हे लहान मुलालाही ठाऊक असते. लाकूड, गवत, कापड यांच्या आगीला हा उपाय लागूही पडतो. पेट्रोलची गोष्ट मात्र निराळी. ते पाण्याहून हलके असल्यामुळे पाण्यावर तरंगते आणि पाणी वाहील तिकडे आगही पसरते. सोडियम हा धातू तर पाण्याच्या स्पर्शानेच पेट घेतो. म्हणून बंब घेऊन धावणाऱ्या जवानाला ‘आग कोठे लागली?’ याबरोबरच ‘काय जळत आहे?’ हेही विचारावे लागते.

या दुसऱ्या प्रश्नाची किंमत मुंबईने १४ एप्रिल १९४४ रोजी मोजली. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ नावाचे जहाज उभे होते. महायुद्धाचे दिवस. जहाजात सुमारे चौदाशे टन स्फोटके होती. कराचीस त्यात कापसाच्या हजारो गाठीही भरल्या होत्या. कापूस आणि दारूगोळा एकाच खणात! याहून वाईट शेजार कोणता असणार? स्फोटके नेणाऱ्या जहाजावर तांबडे निशाण लावण्याचा रिवाज असे. त्या दिवशी ते निशाण फडकत नव्हते.

दुपारी खण क्रमांक दोनमधून धूर निघू लागला. बंब आले, पाण्याचे लोट खणात सुटले. परंतु दाट धुरामुळे आगीचे मूळ सापडेना. जहाजाचे पत्रे तापून लाल झाले. आत काय आहे ते एव्हाना कळले होते. जहाज समुद्रात न्यावे की जागीच बुडवावे, यावर मतमतांतरे झाली. शेवटचा शब्द मात्र कोणीच उच्चारला नाही. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, व अर्ध्या तासाच्या आत दुसरा. शेकडो माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जण होते. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो.

ते जवान शूर होते, यात शंका नाही. पण नुसत्या शौर्याने दारूगोळा विझत नाही. १९५६ साली रामपूर येथे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी ते नागपुरास आले. घातक पदार्थांच्या आगीशी गाठ पडणाऱ्या जवानाला आज पहिल्याने शिकवतात ते थांबणे! वारा कोणीकडून वाहतो ते पाहावे, आणि वारा पाठीशी घेऊनच पुढे जावे. विषारी वायू असेल तर पाठीवर हवेचे नळकांडे बांधावे. त्यातील हवा संपत आली की शिट्टी वाजते. ती ऐकताच, काम अर्धे असले तरी, परत फिरावे. आत एकट्याने कधीही जाऊ नये. बाहेर आल्यावर पोशाख उतरवण्यापूर्वी तो धुऊन घ्यावा, नाही तर अंगरख्यावरचे विष घरापर्यंत पोचायचे.

तांबडे निशाण एवढेच सांगे की, येथे धोका आहे. आता धोका कोणता, हेही सांगण्याची सोय झाली आहे. पेट्रोलच्या टँकरवरील फलकावर १२०३ हा आकडा असतो. जगभर त्याचा अर्थ एकच, पेट्रोल. जोडीला ‘३ वाय ई’ अशी खूण असते. ३ म्हणजे फेस वापरा. वाय म्हणजे श्वसनयंत्र लावा, भडका उडण्याचा संभव आहे, आणि सांडलेला द्रव गटारात जाऊ देऊ नका. ई म्हणजे आसपासची वस्ती हलवण्याचा विचार करा. टँकर उलटलेला असेल, तर हा फलक वाचण्यासाठी जवानसुद्धा जवळ जात नाहीत. ते तो दुरून, दुर्बिणीतून वाचतात.