ठरलेले भाडे आणि भरलेले भाडे: आंतरराज्य गृहस्थलांतराचा हिशोब

एका राज्यातून दुसऱ्या राज्यात बिऱ्हाड हलवणे हा वरकरणी एकच व्यवहार दिसत असला, तरी कायद्याच्या आणि हिशोबाच्या दृष्टीने त्यात दोन स्वतंत्र व्यवहार असतात: एक, घरसामान नेण्याचा वाहतूक करार, आणि दुसरा, कुटुंबाचे वाहन, गॅसजोडणी, मुलांची शाळा यांची एका राज्याच्या नोंदीतून दुसऱ्या राज्याच्या नोंदीत होणारी बदली. बहुतेक कुटुंबांचे अंदाजपत्रक पहिल्या व्यवहारातील एका आकड्यावर उभे असते. तो आकडा वाहतूकदाराने फोनवर सांगितलेला असतो आणि सामान गाडीत चढेपर्यंतच तो खरा असतो. सामान चढले की भाव ठरवण्याची सत्ता मालकाच्या हातून सुटून सामान ज्याच्या ताब्यात आहे त्याच्याकडे जाते, आणि म्हणून स्थलांतराचे खरे नियोजन गाडी दारात येण्यापूर्वीच पूर्ण व्हावे लागते.

शिरूर तालुक्यातील तळेगाव ढमढेरे या गावाच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे. शिक्रापूर, सणसवाडी, कोरेगाव भीमा आणि रांजणगाव या औद्योगिक पट्ट्यामुळे येथे परराज्यांतून येणाऱ्या, तसेच नोकरीसाठी बाहेर जाऊन परतणाऱ्या कुटुंबांची ये-जा कायम असते. परंतु वाहतूकदारांच्या कार्यालयांत 'तळेगाव, पुणे' एवढे म्हटले की मावळ तालुक्यातील तळेगाव दाभाडे हेच गाव गृहीत धरले जाते. दोन्ही गावे एकाच जिल्ह्यात असली, तरी त्यांच्यामध्ये चाकण–शिक्रापूर मार्गाने सुमारे ५० किलोमीटरचे अंतर आणि अवजड वाहनांच्या कोंडीचा रस्ता आहे.

प्रस्तुत लेखकाच्या कुटुंबाचे सामान बंगळूरहून निघाले तेव्हा गावाचे पूर्ण नाव, तालुका आणि ४१२२०८ हा पिन क्रमांक वाहतूकदाराला लेखी कळवलेला होता, आणि तो संदेश आजही जपून ठेवलेला आहे. असे असूनही वाहतूकदाराच्या कारकुनाने पावतीवर केवळ 'तळेगाव' एवढेच लिहिले. गाडी तळेगाव दाभाडे येथे गेली, तिच्यात इतर गिऱ्हाइकांचाही माल असल्याने ती पुढे येण्यास तयार झाली नाही, आणि सामानाची चाकणजवळच्या एका गोदामात पालटी झाली, म्हणजे ते एका गाडीतून उतरवून दुसऱ्या गाडीच्या प्रतीक्षेत ठेवण्यात आले. त्यानंतर जी मागणी आली तीत जादा किलोमीटर, गोदामभाडे, छोट्या टेम्पोचे भाडे आणि हमाली यांच्या जोडीला 'ई-वे बिल' आणि 'ऑक्ट्रॉय' अशी दोन कलमे होती, आणि या सर्वांची बेरीज ठरलेल्या भाड्याच्या जवळपास निम्मी भरत होती.

चूक केवळ पत्त्याची असती तर ती समजून घेता आली असती, कारण चूक दुरुस्त करता येते. परंतु ही मागणी कोणत्या आधारावर आहे ते लेखी द्यावे, अशी विनंती कुटुंबाने करताच आधीचा फोन बंद झाला, आणि काही वेळाने दुसऱ्या क्रमांकावरून एका अनोळखी व्यक्तीने, पूर्वी झालेल्या बोलण्याची काहीही माहिती नसताना, तीच रक्कम पुन्हा मागितली. त्या क्षणी जे उमगले ते सर्व वाचकांनी नीट लक्षात घ्यावे: ज्याला आगाऊ रक्कम दिली तो केवळ दलाल होता, गाडी दुसऱ्याची होती आणि गोदाम तिसऱ्याचे होते. सामानाची जबाबदारी घेणारा यांपैकी एकही नव्हता, पैसे मागणारे मात्र तिघेही होते. घरातील लहान मुले रिकाम्या खोल्यांत सतरंजीवर झोपत असताना फोनवरचा मनुष्य 'पैसे टाका, गाडी लगेच सोडतो' एवढे एकच वाक्य शांतपणे बोलत राहिला, आणि अखेर रक्कम भरावी लागली. ठरलेले भाडे मिळेपर्यंत माल न सोडणे ही एक गोष्ट आहे, आणि स्वतःच्या कारकुनाच्या चुकीचा खर्च माल अडवून गिऱ्हाइकाकडून वसूल करणे ही सर्वस्वी वेगळी गोष्ट आहे.

त्या मागणीतील दोन कलमे तर उघड खोटी होती. ई-वे बिल म्हणजे ५० हजार रुपयांपेक्षा अधिक किमतीच्या मालासोबत असावा लागणारा संगणकीय दस्तऐवज. आंतरराज्य वाहतुकीसाठी तो १ एप्रिल २०१८ पासून आवश्यक झाला, परंतु वस्तू व सेवा कराच्या नियमावलीतील नियम १३८ अन्वये वापरलेल्या वैयक्तिक व घरगुती सामानाला त्यातून वगळलेले आहे, आणि ते बिल काढण्यास सरकारी शुल्कही लागत नाही. ऑक्ट्रॉय म्हणजे जकात हा कर १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हाच संपला. जो वाहतूकदार आजही आपल्या दरपत्रकात जकात दाखवतो, त्याच्याशी त्यापुढे बोलणे वाढवण्याचे कारण नाही.

घरसामानाच्या व्यावसायिक वाहतुकीस रस्ता वाहतूक अधिनियम, २००७ लागू होतो. १८६५ चा वाहक अधिनियम रद्द करून आलेला हा कायदा १ मार्च २०११ पासून अमलात आहे. त्यानुसार सार्वजनिक वाहकाने नोंदणी केलेली असावी लागते, माल पाठवणाऱ्याने मालाचे व त्याच्या किमतीचे विवरण लिहून द्यायचे असते आणि वाहकाने त्याची मालपावती द्यायची असते. या पावतीलाच व्यवहारात बिल्टी म्हणतात. मालाच्या हानीबद्दल वाहकाची जबाबदारी सामान्यतः वाहतूक भाड्याच्या दहापटीपर्यंत मर्यादित असते. ती वाढवायची असल्यास जादा किंमत आधीच जाहीर करून जोखमीचा जादा दर भरावा लागतो. यावरून दोन गोष्टी निघतात. बिल्टीवर 'घरसामान, एकूण नग' एवढेच लिहून घेणे म्हणजे स्वतःचा पुरावा स्वतः सोडून देणे होय, आणि 'मालकाच्या जोखमीवर' असा शिक्का असलेल्या कागदावर न वाचता सही करणे हे त्याहून घातक आहे. प्रत्येक खोक्याला क्रमांक, खोक्यातील वस्तूंची यादी, शीतकपाट व दूरदर्शन संच यांचे अनुक्रमांक दिसतील अशी छायाचित्रे, आणि यादीच्या दोन्ही प्रतींवर गाडीवानाची सही, एवढे केल्याशिवाय गाडीचा फाळका लावू देऊ नये.

विम्याबाबत येथे वेगळे सांगणे आवश्यक आहे, कारण सर्वांत मोठी दिशाभूल तेथेच होते. जाहीर किमतीच्या काही टक्के रक्कम घेऊन वाहतूकदार 'विमा झाला' असे सांगतो; परंतु ही रक्कम बहुधा त्याने स्वतः घेतलेल्या जोखमीचे शुल्क असते, विमा कंपनीची पॉलिसी नव्हे. पॉलिसी क्रमांक, विमा कंपनीचे नाव आणि विमाधारक म्हणून कुटुंबातील व्यक्तीचे नाव हे तिन्ही कागदावर आल्याशिवाय ती रक्कम देऊ नये. त्याचप्रमाणे 'आयबीए मान्यताप्राप्त' या शब्दांनी भुलू नये. भारतीय बँक संघाची ती यादी बँकांनी कोणत्या मालवाहतूकदारांच्या पावत्या ग्राह्य मानाव्यात यासाठी आहे आणि ती संघाच्या संकेतस्थळावर पडताळता येते. ती घरसामान सांभाळून नेण्याच्या कौशल्याचे प्रशस्तिपत्र नव्हे. कराची रक्कम मागणाऱ्याचा वस्तू व सेवा कराचा १५ अंकाक्षरी नोंदणी क्रमांक सरकारी संकेतस्थळावर तपासावा. महाराष्ट्रातील नोंदणीचे पहिले दोन अंक २७ आणि कर्नाटकातील २९ असतात, आणि क्रमांकापुढे दिसणारे नाव पावतीवरील नावाशी जुळते की नाही हे दोन मिनिटांत कळते.

दर ठरवताना गाडी संपूर्ण आपली आहे की भागीची, म्हणजे इतरांच्या मालासह जाणारी, हे लिहून घ्यावे. भागीची गाडी स्वस्त पडते, परंतु वाटेतील पालटी आणि उशीर तिच्यातच संभवतात. वाटेत माल पालटणार नाही, गाडीचा क्रमांक भरणीपूर्वी मिळेल, आणि भाड्याचा मोठा भाग सामान उतरल्यावरच दिला जाईल, ही तीन कलमे मान्य न करणारा वाहतूकदार कितीही स्वस्त असला तरी सोडून द्यावा. तळेगाव ढमढेरेसारख्या गावी मोठा ट्रक जुन्या गावठाणातील घरापर्यंत पोहोचेलच असे नाही, त्यामुळे शेवटच्या टप्प्यासाठी लागणारा छोटा टेम्पो कोणाच्या खर्चाने, हे आधीच ठरवावे. औद्योगिक पट्ट्यात उतरणीच्या वेळी काम न करता मागितली जाणारी रक्कम, जिला वाराई म्हणतात, तीही कोणी द्यायची हे लेखी असावे. 'ज्याचा माल त्याचा हमाल' हे तत्त्व वाहतूकदार तोंडाने सांगतात, पण दरात हमाली धरली असेल तर त्यांना ते पुन्हा पुढे करता येत नाही.

दिवसही विचारपूर्वक निवडावा. एप्रिल-मे महिन्यांत आणि प्रत्येक महिनाअखेरीस दर चढतात, पावसाळ्यात गाद्या व पुस्तके भिजतात, हे सर्वज्ञात आहे. परंतु ३१ डिसेंबर व १ जानेवारी रोजी पेरणे फाट्याजवळील जयस्तंभाच्या अभिवादनासाठी पुणे–अहिल्यानगर मार्गावरील वाहतूक न्हावरा–चौफुला आणि चाकण या मार्गांनी वळवली जाते, हे बाहेरगावच्या गाडीवानाला ठाऊक नसते आणि त्याच्या खोळंब्याचे पैसे गिऱ्हाइकाकडे मागितले जातात.

दुसऱ्या व्यवहाराबद्दल थोडक्यात सांगावयाचे तर, मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ४७ नुसार परराज्यात १२ महिन्यांपेक्षा अधिक काळ ठेवलेल्या वाहनाला नवे नोंदणी चिन्ह घ्यावे लागते, त्यासाठी जुन्या राज्यातील परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र नमुना २८ मध्ये लागते, आणि नवा कर आधी भरून जुन्या कराचा परतावा नंतर मागावा लागतो, म्हणून ही रक्कम काही महिने अडकून राहणार असे धरावे. चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी कंपन्यांचे कर्मचारी आणि शासकीय कर्मचारी यांना २०२१ पासून उपलब्ध असलेली 'बीएच' मालिका नव्या वाहनासाठी सोयीची आहे. गॅसचे सिलिंडर सामानात नेऊ नयेत; सिलिंडर व रेग्युलेटर जुन्या वितरकाकडे परत करून अनामत आणि बदलीचा कागद घ्यावा. मुलांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर संबंधित शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी निघण्यापूर्वीच घ्यावी, आणि २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातील शाळांत मराठी विषय अनिवार्य झालेला असल्याने परराज्यात वाढलेल्या मुलांच्या शिकवणीचा खर्चही अंदाजपत्रकात असावा.

बंगळूरमध्ये घरभाड्याच्या दहापटीपर्यंत अनामत घेण्याची प्रथा दीर्घकाळ रूढ आहे आणि ती घर रिकामे झाल्यावर, रंगकामाची वजावट करून परत मिळते. त्यामुळे तिच्या भरवशावर वाहतुकीचा खर्च कधीही बेतू नये. नव्या जागेची अनामत, एका महिन्याचे दुहेरी भाडे आणि वाहतुकीच्या दराच्या किमान एक तृतीयांश इतकी राखीव रक्कम हातात रोख असावी. ही राखीव रक्कम लुबाडणाऱ्याला देण्यासाठी नसून, सामान अडले तरी घरात अंथरूण, भांडी आणि चूल यांची तात्पुरती सोय करून चार दिवस न डगमगता थांबता यावे यासाठी आहे, कारण अडवणूक करणाऱ्याचा सगळा भर समोरच्या कुटुंबाला थांबता येत नाही यावरच असतो.

तरीही माल अडवला गेलाच, तर रक्कम भरताना 'निषेध नोंदवून' असे संदेशात लिहून ती बँकेमार्फतच भरावी, रोख देऊ नये. ताब्यात दिलेल्या मालाचा वाहकाने अपहार केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली तक्रार होऊ शकते आणि शून्य क्रमांकाचा प्राथमिक अहवाल कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो. हानी वा तुटफुटीबद्दलची लेखी नोटीस माल नोंदवल्यापासून १८० दिवसांच्या आत वाहकाला पोहोचली पाहिजे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, त्यामुळे तळेगाव ढमढेरे येथील रहिवाशाला त्यासाठी बंगळूर गाठावे लागत नाही. ५ लाख रुपयांपर्यंत मोबदला दिला असल्यास शुल्कही लागत नाही, आणि राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक १९१५ आहे. प्रस्तुत लेखकाच्या कुटुंबाने पावती, मूळ पत्त्याचा संदेश आणि बँकेतील नोंद जोडून पाठवलेल्या नोटिशीला त्या वाहतूकदाराने अद्याप उत्तर दिलेले नाही.